आई, तुझी वही सापडली

प्रिय आई आणि बाबा,

जय ख्रिस्त.

रोज फोन होतो तरी आज पत्र लिहायला बसलोय, कारण फोनवर तू विचारतेस जेवलास का, मी म्हणतो हो, बाबा मागनं ओरडतात गाडीचं ऑइल बदललं का, आणि तेवढ्यात कोणीतरी हाक मारतं आणि फोन संपतो, जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. ताईला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत डोळ्यांना ताण देऊ नकोस, ती वाचून दाखवेल.

इथं ऊन लई झालंय. दुपारी 42 च्या पुढं जातं, रस्त्यावर माणूस दिसत नाही. आमच्या कारखान्यात युनिफॉर्मचा सीझन, शाळा सुरू व्हायच्या आत माल पोचला पाहिजे म्हणून रात्री दहा दहा वाजतात, घरी आलो की पोरगी झोपलेली असते. ही तक्रार नाही, काम आहे ते बरंच आहे.

मागच्या रविवारी आई तू म्हणालीस ना, इथं मी कोणाच्या उपयोगाची नाही रे, चर्च लांब, लिफ्टनं खाली उतरलं तर ओळखीचं एक माणूस नाही, देवसुद्धा सोलापुरातच राहिल्यासारखा वाटतो. आणि बाबा तर त्या दिवशी काही बोललेच नाहीत, ताई म्हणाली गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रात्रभर जागे असतात आणि म्हणतात प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय, म्हणून हे पत्र.

आधी माझं सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल. तुम्ही पुण्याला गेल्यापासून माझी प्रार्थना बंद पडल्यातच जमा होती. घरात तुम्ही होता तोपर्यंत रात्री नऊला बाबा कौटुंबिक प्रार्थनेला बसवायचे, मी अर्धा झोपेत का होईना बसायचो, आणि मला वाटायचं आपलं देवाशी बरं चाललंय. तुम्ही गेला आणि कळलं की ते सगळं तुमच्या जिवावर चाललेलं. रविवारी चर्चला जायचो, कोयरमध्ये उभा राहायचो, वर्गणी द्यायचो, पण आतनं कोरडा, कोणालातरी हाक मारावी आणि घरात कोणी नसावं तसं.

मग एक दिवस लाइटबिल शोधताना तुझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये वही सापडली. खाकी कव्हरची, शंभर पानी, पेन्सिलनं लिहिलेली. आधी वाटलं हिशोबाची असेल. एका बाजूला तारीख, मग नाव, मग एक दोन शब्द, आणि काही ओळींपुढं लाल पेननं बरोबरची खूण आणि धन्यवाद. विडीवाली अक्का, खोकला. भाजीवाल्याचा मुलगा, दहावी. रिक्षावाले मामू, मुलीचं लग्न. पाळकसाहेबांच्या मिसेस, बीपी. अशी पानंच्या पानं, आई. आपल्या चर्चची माणसं त्यात निम्मी पण नसतील.

आणि माझं नाव. बाळ, जवळ यावा. एवढंच. मला वाटलं मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हाचं असेल, पोरगं लांब आहे तर जवळ यावं म्हणून लिहिलं असेल. मग तारीख बघितली तर मी तेव्हा सोलापुरातच होतो, याच घरात, शेजारच्या खोलीत. मी ती वही घेऊन किचनमध्ये खाली फरशीवर बसलो आणि बराच वेळ तिथंच बसलो होतो. खूण अजून नाही झाली त्या ओळीपुढं.

अजून एक ओळ होती. मोटरवाले, शांती. वर्षानुवर्षं, दर दोन चार पानांनी परत तीच ओळ.

आता मोटरवाल्यांचं सांगतो, हे मी फोनवर लपवलं होतं. पाणी चार-पाच दिवसाआड येतं आणि ते अजून पण लाइनला डायरेक्ट मोटर लावतात, आपल्या नळाला नुसती हवा येते. एका पहाटे माझा संयम सुटला. मी त्यांच्या दारात जाऊन नको नको ते बोललो, त्यांच्या म्हाताऱ्या आईसमोर बोललो, गल्ली जागी झाली. चूक मोटर लावण्यात होती हे मी अजून पण म्हणेन, पण मी जे बोललो त्यात पाण्याचा विषय थोडाच होता, बाकी सगळा माझा राग होता. नंतर घरी येऊन बायबल उघडलं तर अक्षरं नुसती दिसत होती.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी बाकावर बसलेलो, भाकर पुढं येत होती, आणि मला मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं ते आठवलं जे बाबा प्रत्येक प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री वाचायचे, की अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलंय. पण त्यात भावाच्या मनात असं म्हटलंय हे मला पहिल्यांदा दिसलं, माझ्या मनात काय आहे ते नाही, त्याच्या मनात. मी भाकर घेतली नाही. उठून बाहेर आलो, लोकांना वाटलं बरं नसेल.

चपला घालून सरळ त्यांच्या घरी गेलो. तो बनियनवर बाहेर आला. मी म्हणलं त्या दिवशी मी जे बोललो, आणि तुमच्या आईसमोर बोललो, ते चुकलं, माफ करा. तो म्हणाला, बरं. दार लावलं. बस्स. पुढच्या पाण्याच्या दिवशी मोटर परत लावली, फक्त अर्ध्या तासानं बंद केली, आता ते माझ्यासाठी केलं का लाइट गेली म्हणून ते मला माहीत नाही आणि मी विचारलं पण नाही. पण त्या रविवारी दुपारी मी खोलीत जाऊन दार लावून गुडघ्यावर बसलो, आणि आई, शब्द आले. कितीतरी महिन्यांनी. घरात कोणीतरी आहे असं वाटलं.

बाबा, तुम्हाला आठवतंय का तुम्ही मला शाळेला सुट्टी असली की चादरीच्या कारखान्यात न्यायचा. एकदा बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तुम्ही पळत जाऊन माग बंद केला आणि मला ती फट दाखवली होती. नुसता ताणा, उभे धागे सगळे शाबूत, एक पण तुटलेला नाही, तरी तिथं कापड नव्हतं. तुम्ही चार बोटं विणलेलं उसवून परत लावलं, मुकादम ओरडत होता वेळ जातोय म्हणून. मला तेव्हा कंटाळा आलेला. आता कळतंय माझं काय झालेलं. वर देवाकडं जाणारे धागे मी ताणून धरले होते, उपासना, कोयर, वर्गणी, सगळं वेळच्या वेळी, आणि आडवा धागा कधीच तुटून पडला होता.

योहानाच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात तो अगदी सरळ म्हणतो ना, दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही. मी हे वचन कायम दुसऱ्यांना लावायचो.

मग मी वहीतल्या नावांकडं जायला लागलो. सगळ्यांकडं नाही, जमेल तसं. अक्काकडं पहिल्यांदा गेलो, ताप होता तिला, हिनं डब्यात आमटी-भात दिलेला. तर अक्का तापात पण विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसलेली, कारण विड्या नाही दिल्या तर मजुरी नाही. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक दुमडायचं, दोरा. बोटं इतकी पटपट चालतात की बघताना आपल्याला दम लागतो. मी म्हणलं अक्का जेवून घे, मी पानं कापतो. मी अर्ध्या तासात जेवढी पानं कापली त्यातली निम्मी तिनं गुपचूप बाजूला काढून ठेवली. आणि ती म्हणाली, तुझी आई पण अशीच बसायची बघ, चांगली कापायची पण ती. मग म्हणाली, एकदा पण म्हणली नाही चर्चला ये म्हणून, उलट सिद्धेश्वराच्या गड्ड्याला जाऊन आले की विचारायची जत्रा कशी झाली, गर्दी होती का, पाय दुखले का.

आई, याच्यावर मी खूप विचार केला. मला कायम वाटायचं आपण लोकांवर प्रीती करायची ती साक्ष द्यायला, म्हणजे त्यांनी शेवटी चर्चला यावं म्हणून. तू तसं नाही केलंस. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूनं एकमेकांवर प्रीती करा ही नवी आज्ञा दिली ती शिष्यांचे पाय धुतल्यावर दिली, त्याच रात्री, आणि ज्यांचे पाय धुतले त्यात त्याला धरून देणारा यहूदा पण होता. त्याचे पाय काही मिळणार म्हणून धुतले नव्हते. आपल्या मंडळीतले काही जण याच्याशी सहमत होणार नाहीत, मला माहितीय, पण मला आता असंच वाटतं की ज्या प्रीतीच्या मागं काहीतरी हवं असतं ती समोरच्याला लगेच कळते, अक्कासारख्या बाईला तर नक्कीच कळते.

पुण्याला जाताना रेल्वेत बाबा नेहमी केडगाव आलं की खिडकीतनं दाखवायचे, ते बघ पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. मी मान हलवायचो आणि वडापाव खायचो. आता मुद्दाम वाचलं. त्यांचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडमध्ये झाला, पण त्यांनी स्वतःच सांगितलंय की धर्म मिळाला होता तरी ख्रिस्त स्वतः मिळायला पुढं बरीच वर्षं गेली. एवढी संस्कृतची विदुषी, तिला पण वर्षं लागली, हे वाचून मला फार धीर आला. आणि मग 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी पोरी घेऊन आल्या आणि केडगावला त्यांचं घर केलं. एकीकडं त्या पोरी सांभाळायच्या आणि दुसरीकडं मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल करत बसायच्या, 1922 ला गेल्या तोपर्यंत तेच काम. आणि ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं. दोन्ही कामं एकाच आवारात, मला हेच आवडलं.

आता तुमच्याबद्दल. आई, तू कोणाच्या उपयोगाची नाहीस असं परत म्हणू नकोस. लूकच्या दुसऱ्या अध्यायात हन्ना आहे बघ, 84 वर्षांची विधवा, मंदिर सोडून कुठं जात नव्हती, उपास आणि प्रार्थना एवढंच करायची, आणि बाळ येशूला मंदिरात आणला तेव्हा ती तिथं हजर होती. तिनं देवाचे आभार मानले आणि वाट बघणाऱ्यांना त्या बाळाबद्दल सांगितलं, लूकनं एवढंच लिहिलं, तेवढं त्याला पुरलं. मला तुझी मदत पाहिजे आहे, खरंच पाहिजे आहे. मी डबा नेऊ शकतो, दवाखान्यात नेऊ शकतो, लाइनीत उभा राहू शकतो. पण एका एका नावासाठी रोज बसणं मला अजून जमत नाही, चौथ्या नावाला माझं डोकं शर्टाच्या साइझवर जातं. ते तू कर. मी रोज रात्री नऊला फोन करून नावं सांगत जाईन, आज अक्काचा ताप उतरला, मामूंच्या मुलीला मुलगी झाली, असं. तू तिथं बस त्यांच्यासाठी, मी इथं जातो. आणि तिथल्या लिफ्टमध्ये रोज भेटणारी बाई आहे ना जी हसत पण नाही म्हणतेस, तिच्या नावानं ताईकडनं एक नवीन वही मागवून घे.

बाबा, तुम्हाला शब्द सुचत नाहीत ना. रोमकरांस पत्रात आठव्या अध्यायात आहे की आपल्याला कशी प्रार्थना करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांवाचूनच्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो. तुम्ही रात्री गुडघा धरून कण्हता, तर ते पण त्याच्यापर्यंत जातंय असं मी धरून चाललोय. आणि अगदीच झोप येत नसेल तर 71 वं स्तोत्र काढा, म्हातारपणी मला टाकू नकोस असं स्तोत्र लिहिणारा सरळ देवाला म्हणतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला उठवलंत तरी चालेल, दोन वाजता पण फोन करा, मी काही बोलणार नाही, नुसता लाइनवर राहीन.

लोक विचारतात आई-बाबा कधी येणार. मी सांगतो गुडघा बरा झाला की. पाळकसाहेबांनी रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं. तुमची तुळस मी जगवलीय, पेरू गेला, पाणी कमी पडलं, त्याबद्दल रागावू नका.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी ताईच्या मैत्रिणीबरोबर पाठवलीय, भाकरी दुधात भिजवून खा, दाताला त्रास होईल.

मोटरवाल्यांच्या आईचा पाय मुरगळलाय, परवा बोळात भेटली तेव्हा तिनंच सांगितलं. आजच्या नावात ती घे. उद्या पाणी यायचंय, पहाटे चारला उठावं लागेल, तिची एक घागर पण भरून देईन म्हणतो.

तुमचा,
बाळ
सोलापूर