हक्क कामाचा की वर्गणी चुकवण्याचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कामगार संघटनांविषयीच्या आपल्या लेखात तेथील ‘राइट टू वर्क’ कायद्यांचा उल्लेख ‘कामाच्या हक्काचे कायदे’ असा आला आहे. शब्दाला शब्द म्हणून त्यात चूक नाही. पण महाराष्ट्रातील वाचकाची त्याने हमखास फसगत होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमी योजनेमुळे ‘कामाचा हक्क’ म्हटले की काम मागणारा मजूर आणि ते पुरवण्यास बांधील असलेले सरकार आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. अमेरिकेतला कायदा कोणाला एका दिवसाचेही काम देत नाही, की कामावरून काढण्याच्या मालकाच्या अधिकारालाही हात लावत नाही. संघटनेला पैसे देणे ही नोकरीची अट असता कामा नये, एवढेच तो सांगतो. सभासद होण्याची सक्ती तर तेथे कोणत्याच राज्यात नाही. प्रश्न आहे तो फक्त शुल्काचा.

यात गैर ते काय, असे कोणालाही वाटेल. पण १९३५ च्या तेथील कायद्यानुसार कारखान्यातील बहुमताने निवडलेली संघटना सर्वच कामगारांची एकमेव प्रतिनिधी ठरते. तिने मालकाशी केलेला करार सभासद नसलेल्यालाही लागू होतो आणि त्याची तक्रारही संघटनेला दुजाभाव न करता चालवावी लागते. हा खर्च सर्वांनी उचलावा म्हणून संघटना करारातच शुल्काचे कलम घालून घेत. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसने टॅफ्ट-हार्टली कायदा केला आणि असे कलम बेकायदा ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. आज २६ राज्यांत असे कायदे आहेत.

मी एका कारखान्यातल्या युनियनचा अकरा वर्षे खजिनदार होतो. आपल्याकडे सभासदत्व पहिल्यापासून ऐच्छिक. पगाराच्या दिवशी पाळी सुटताना पावतीपुस्तक घेऊन गेटवर उभे राहिलो की काही ठरावीक चेहरे सायकल स्टँडच्या मागच्या वाटेने सटकत. कराराचा फरक मात्र त्यांनाही तेवढाच मिळे. त्यातल्याच एकाला चार्जशीट मिळाली, तेव्हा तो सर्वांच्या आधी आमच्या खोलीत येऊन बसला होता. चौकशीत त्याच्या बाजूने आमचाच माणूस उभा राहिला. त्यानंतर त्याने काही महिने पावती फाडली आणि मग पुन्हा बंद केली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्याखाली युनियनची मान्यता टिकवायची तर आम्हाला किमान ३० टक्के सभासद दाखवावे लागत, म्हणून बुडलेली प्रत्येक पावती केवळ पैशांपुरती नसे. त्या माणसाला मी दोष देत नाही. न मोजता मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे संसारी माणूस किती दिवस मोजील?

‘राइट टू वर्क’ कायदे हीच मागची वाट राजरोस खुली करतात. ज्या मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे १९३७ मध्ये कामगारांनी कारखान्यात ठिय्या देऊन जनरल मोटर्सला संघटना मान्य करायला लावली, तेथेही २०१२ च्या अखेरीस हा कायदा आला. त्या वर्षी तेथील १६.६ टक्के कामगार संघटित होते, २०२२ मध्ये १४ टक्के उरले. ही सगळी घट कायद्यामुळेच झाली असे मी म्हणणार नाही, कारण संघटनांची ओहोटी कायदा नसलेल्या राज्यांतही चालू आहे. वेतनाचेही तसेच. हे कायदे असलेल्या दक्षिणेकडील राज्यांत पगार आधीपासूनच कमी होते, त्यामुळे कायद्याचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते. मिशिगनने २०२३ मध्ये हा कायदा रद्द केला. उलट टेनेसी राज्यात कायदा कायम असतानाही २०२४ मध्ये चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कामगारांनी मोठ्या बहुमताने संघटना निवडली, तीही आधी दोनदा हरल्यावर. म्हणजे या कायद्याने संघटना मरते असे नाही, पण प्रत्येक पावतीसाठी तिला पुन्हा पुन्हा दार ठोठवावे लागते.

जी संघटना मला पटत नाही तिला मी पैसे का द्यावेत, हा कायद्याच्या समर्थकांचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. २०१८ मध्ये जेनस खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी हा आक्षेप सरकारी नोकरांपुरता देशभर मान्य केला. पण मग पैसे न देणाऱ्याचे वकीलपत्र घेण्याचे बंधन संघटनेवर कशासाठी? अर्थात, एकमेव प्रतिनिधी म्हणून मिळणारा मान संघटनांनाही सोडवत नाही, हे मी स्वतः त्या खुर्चीत बसून आल्यामुळे जाणतो.

या कायद्यांचा उल्लेख यापुढे ‘संघटना-शुल्काच्या सक्तीला मनाई करणारे कायदे’ असा करावा, एवढीच आपणास विनंती. शब्द लांबतील, पण वाचकाला रोजगार हमीची आठवण होणार नाही.

आपला,
एक निवृत्त कामगार, पिंपरी