तारिमाच्या कडेला

सांगली, 16 फेब्रुवारी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मेक्सिकोतल्या वेराक्रूझ बंदरातल्या एका हॉटेलात दर शनिवारी सोन हारोचो, म्हणजे तिथल्या प्रांताचे लोकसंगीत, सादर करण्यासाठी तुम्हा शिकाऊ मुलांच्या गटाला बोलावणे आले आहे आणि त्यापायी हालापा शहरातला शनिवारचा वर्ग सोडावा लागेल, ही बातमी तू अगदी शेवटच्या दोन ओळींत उरकलीस, त्यावरून बाबा काय म्हणतील याचा अंदाज तुला आधीच आलेला दिसतो. मी नको म्हणणार नाही. मात्र ठरवण्यापूर्वी या 2 फेब्रुवारीच्या रात्री आपण दोघांनी त्लाकोताल्पानला जे पाहिले, ते एकदा नीट आठव.

पापालोआपान नदीकाठच्या त्या गावात कांदेलारिया या मेरीमातेचा उत्सव भरात होता आणि आपण फांदांगोच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवण्या-गाण्या-नाचण्याच्या मैफलीच्या, कडेला उभे होतो. मध्यभागी तारिमा, म्हणजे आतून पोकळ असा तो बुटका लाकडी चौथरा; भोवती हाराना, म्हणजे तुझ्याकडे आहे तसले गिटारसारखे छोटे वाद्य, छेडणारे वीसेक जण, जाणती माणसे पुढे आणि तुझ्यासारखे नवखे मागे. रेकिंतो हे धून वाजवायचे तंतुवाद्य घेतलेल्या आजोबांनी धून उघडली, एकेक हाराना तिच्यात उतरत गेली आणि एकच सोन, म्हणजे एकच गाणे, अर्धा तास चालला तरी कोणाला घाई नव्हती. माझ्यासारख्या भजनात तबला धरणाऱ्या माणसाला सर्वांत भावले ते नाचणाऱ्या बायकांच्या पायांचे भान. कोणी कडवे गाऊ लागले की त्यांचे पाऊल हलके होई आणि कडवे संपताच टाचा पुन्हा फळीवर कडाडत. तिथे नाच हेच तालवाद्य आहे आणि ते गाणाऱ्याला वाट करून देते. सहा मात्रांचे वजन घटकेत तीन-तीन पडते, घटकेत दोन-दोन-दोन, आणि कित्येकदा हाताचे एक तर पायाचे दुसरे; दादऱ्यात बोटे मुरलेली असूनही मी तासभर सम शोधत राहिलो आणि तू तोंडावर हात ठेवून हसत होतीस.

तू त्या रात्री तीन तासांत चारच सोन वाजवलेस आणि उरलेला वेळ हाराना छातीशी धरून समोरच्या बाईंचा उजवा हात पाहत राहिलीस. परतताना बसमध्ये तुला ते कमीपणाचे वाटत होते. मला तसे वाटले नाही, कारण मानिको, म्हणजे उजव्या हाताच्या त्या झटक्यांची चाल, वहीत कितीही उतरवून घेतली तरी तिचे वजन हातात येत नाही. ते असे जवळ उभे राहूनच येते.

हॉटेलातला सोन हारोचो खोटा आहे, असा माझा आक्षेप नाही. पांढरे झालरीचे झगे, ग्वायाबेरा सदरे, हार्प, तीन मिनिटांत संपणारी द्रुत गाणी आणि ‘ला बाम्बा’वर जोडप्याने पायांनी फितीची गाठ बांधणे, हा थाट 1940 च्या दशकात चित्रपट आणि रेडिओमुळे देशभर पोहोचला. 1946 साली अध्यक्ष झालेले मिगेल आलेमान वेराक्रूझचेच. त्यांच्या प्रचारातही ‘ला बाम्बा’ वाजत असे. त्या थाटात उत्तम वादकही होऊन गेले. पण पुढच्या दशकांत खेड्यांतले फांदांगो ओसरत गेले, आणि ते सावरण्यासाठी जी माणसे धडपडली ती तेव्हा जवळजवळ तुझ्याच वयाची होती. 1977 मध्ये उभा राहिलेला मोनो ब्लांको हा गट जुन्या वादकांच्या शोधात खेड्यांत गेला, आर्कादिओ हिदाल्गो यांच्यासारख्या ऐंशी ओलांडलेल्या कवी-वादकाला बरोबर घेऊन वाजवू लागला आणि गावोगाव कार्यशाळा घेऊ लागला. शनिवारी तू ज्या वर्गात बसतेस, तो प्रकार तिथून आलेला आहे. हॉटेलसाठी नेमका तोच वर्ग सोडायचा, एवढेच मला खुपते.

दुसरे असे की तुला अजून कडवी येत नाहीत. फांदांगोत एकाने कडवे टाकले की दुसऱ्याने ते धरून उत्तर द्यायचे असते आणि त्यासाठी प्रत्येक सोनाची चार-पाच कडवी जिभेवर हवीत. हॉटेलात ठरलेली तीन कडवी दर आठवड्याला म्हटली तरी भागेल, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. पैसे मिळणार आहेत, त्यात काही गैर नाही. आमच्या मंडळातल्या पेटीवाल्यांनी लग्नांत वाजवूनच मुले शिकवली, पण एकादशीचे भजन त्यांनी कधी चुकवले नाही. एक शनिवार हॉटेलचा आणि एक वर्गाचा, असे जमते का ते पाहा.

जाता जाता सांगतो, तुझ्या हारानाचा फोटो मिरजेतल्या तंबोरा घडवणाऱ्या एका कारागिरांना दाखवला. भोपळा नाही, दांडी आणि पोट एकाच ओंडक्यातून कोरलेले आणि एवढ्याशा वाद्यावर आठ तारा, हे पाहून त्यांनी चष्मा दोनदा पुसला आणि सांधा कुठे आहे असे मला तीनदा विचारले. हालापातल्या त्या झिमझिम पावसात ती ओल्या भिंतीला टेकवून ठेवत जाऊ नकोस.

तुझ्या मास्तरांना तू विचारलेस का? सबंध पत्रात त्यांचा उल्लेख नाही. आधी त्यांना विचार आणि ते जे म्हणतील ते मला जसेच्या तसे कळव. बुटाची निखळलेली टाच बसवून घेतलीस का, असे आईने विचारले आहे.

तुझे,
बाबा