हृदयस्नायूचा नमुना वाया जाऊ नये

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हृदयविकाराविषयीचे लेखन बहुधा रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांभोवती फिरते. हृदयाच्या स्नायूलाच जडणारे कार्डिओमायोपथीचे आजार त्यात मागे पडतात. या आजारांत हृदय किती फुगले वा जाड झाले हे इको आणि एमआरआय दाखवतात, रक्तातील ट्रोपोनिन स्नायूला इजा झाल्याचे सांगते. पण पेशींच्या आत नेमके काय बिघडले, हे कळण्यासाठी अनेकदा स्नायूचा तुकडाच तपासावा लागतो.

शिरेतून हृदयात चिमटा नेऊन असे तुकडे घेण्याची (म्हणजे बायॉप्सीची) पद्धत जपानमधील साकाकिबारा आणि कोन्नो यांनी 1962 मध्ये मांडली. एकेक तुकडा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो, तरी त्यातून मिळणारी माहिती उपचाराची दिशा बदलू शकते. अ‍ॅमिलॉइडचेच, म्हणजे हृदयाच्या स्नायूत साचणाऱ्या बिघडलेल्या प्रथिनाचेच, पाहा. तुकडा काँगो रेड या रंगद्रव्याने रंगवल्यावर ध्रुवित प्रकाशात दिसणारी सफरचंदी हिरवी झाक अ‍ॅमिलॉइड असल्याचे दाखवते, मात्र ते कोणत्या प्रथिनापासून बनले हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणाऱ्या तपासणीने) सर्वांत खात्रीने कळते. आणि तिथेच सारे ठरते, कारण प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्यांपासून बनलेल्या अ‍ॅमिलॉइडला केमोथेरपी लागते, तर ट्रान्सथायरेटिन या रक्तातील प्रथिनाच्या अ‍ॅमिलॉइडला तिचा काहीही उपयोग नसतो. (ट्रान्सथायरेटिनचा प्रकार आता पुष्कळदा विशिष्ट स्कॅन आणि रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून बायॉप्सीशिवायही ओळखता येतो, हे रुग्णांच्या दृष्टीने फार चांगले झाले.) संशोधनातही या तुकड्यांचे मोल मोठे आहे. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांच्या बीटा-ब्लॉकर (हृदयावरचा ताण कमी करणारी औषधे) देण्यापूर्वीच्या व नंतरच्या बायॉप्सी ताडून पाहिल्या, तेव्हा ज्यांचे हृदय सुधारले त्यांच्या स्नायूतील मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांचे कामही बदललेले आढळले.

म्हणूनच उपचारासाठी घेतलेले सगळे तुकडे सरसकट फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात टाकले जाऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते. फॉर्मॅलिन ऊतीची रचना उत्तम टिकवते, पण त्यात आरएनए (कोणती जनुके काम करत आहेत हे सांगणारा रेणू) तुटतो आणि रेणवीय तपासणीला मर्यादा पडतात. एखादा तुकडा तत्काळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा, तर ती तयारी आणि रुग्णाची लेखी संमती, दोन्ही प्रक्रियेपूर्वीच झालेली असली पाहिजेत. हृदयाची भिंत फुटण्याचा धोका अनुभवी हातांतही पूर्णपणे टळत नाही. त्यामुळे केवळ संशोधनाच्या कुतूहलापोटी ही प्रक्रिया करणे मला मान्य नाही, आणि जादा तुकडा घ्यायचा असेल तर तसे रुग्णाला स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

शिवाय सार्कॉइडोसिससारखे (ज्यात दाहाच्या पेशींच्या गाठी होतात) आजार स्नायूत ठिकठिकाणी विखुरलेले असतात, तेव्हा नमुन्यात दोष दिसला नाही म्हणजे आजार नाही, असे धरता येत नाही. तुकडा हृदयाच्या कोणत्या भागातून घेतला, त्या वेळी कोणती औषधे चालू होती आणि तो किती वेळाने गोठवला गेला, या नोंदी नमुन्यासोबत सक्तीने ठेवल्या जाव्यात. त्यांच्याशिवाय त्यातून काढलेल्या रेणवीय निष्कर्षांची दुसऱ्या रुग्णांच्या निष्कर्षांशी तुलनाच करता येणार नाही.

आपला,
एक वाचक