खोकला पीस स्टेशनला सुरू झाला म्हणून पेन्शन नाही?

संपादक महोदय,

आमच्या भागात घराघरातून माणूस फौजेत गेलेला, मी पण त्यातलाच, त्यामुळे माजी सैनिकांचे पेन्शनचे कागद भरून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. हल्ली सीओपीडीचे, दम्याचे, म्हणजे श्वासाच्या जुन्या दुखण्याचे कागद बरेच येतात आणि मेडिकल बोर्डाचा, म्हणजे तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाचा, शेरा जवळपास प्रत्येकावर तोच, आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. कारणाच्या रकान्यात एक ओळ, "सुरुवात पीस स्टेशनला", म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत छावणीत. बस, एवढ्यावर डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर, आणि मग तो माणूस अपील करत बसतो.

मला या एका ओळीबद्दलच लिहायचंय.

गोळी लागली तर तारीख असते, जागा असते, साक्षीदार असतात. फुप्फुसाचं तसं नाही, ते वर्षानुवर्षं खराब होत जातं आणि कळतं उशिरा. सियाचीनसारख्या उंचावरच्या पोस्टवर बंकरात रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, रात्रंदिवस पेटलेली असते, थंडी अशी की हवेला फट ठेवायची सोय नाही, सकाळी थुंकलं की काळं निघतं, नाक पुसलं की रुमाल काळा. वर राहून आलेल्या कोणालाही विचारा. रणगाडे आणि गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये डिझेलचा धूर खाल्लेले आहेत, राजस्थानच्या फायरिंग रेंजवर धूळ खाल्लेले आहेत. तोच जवान पुढे पीस स्टेशनला येतो, खोकला जात नाही म्हणून एमआय रूममधून, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातून, औषध घेत राहतो, आणि कधीतरी डॉक्टर स्पायरोमेट्री करतात, फुंकायला लावून श्वास मोजतात, तेव्हा आजाराला नाव मिळतं. निदान जिथे झालं तिथेच आजार सुरू झाला असं बोर्ड धरून चालतं, हे वैद्यकशास्त्रात कुठे बसतं ते एखाद्या डॉक्टरनेच सांगावं.

दुसरा प्रश्न ठरलेला, बिडी ओढत होतास का? हो म्हटलं की फाईल तिथेच संपते, कारण तंबाखू-दारूच्या अतिरेकाने झालेल्या आजाराला भरपाई नाही असा नियम आहे. नियम मला मान्य आहे, तंबाखूने फुप्फुस जातं हे कोण नाकारेल. पण न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, धूर आणि धुळीने होतो, आणि ओढणाऱ्याचं नुकसान धुराने आणखी वाढतं. "नोकरीमुळे वाढला का" हा फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न आहे ना, मग बिडीचं नाव काढून तो न तपासताच नाही लिहायचं हे चुकीचं आहे.

कायदा काय म्हणतो बघा. 1982 च्या एन्टायटलमेंट रूल्सप्रमाणे, म्हणजे अशा पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या नियमांप्रमाणे, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, आणि आजार नोकरीमुळे झाला हे सिद्ध करायची जबाबदारी जवानाची नाही. सुप्रीम कोर्टाने 2013 साली धरमवीर सिंगच्या केसमध्ये हेच स्पष्ट केलं, बोर्डाने कारणं लिहिली पाहिजेत हेही सांगितलं. तरी त्या एका ओळीचे निकाल येतच राहिले, आणि सैन्याच्या ट्रिब्युनलमध्ये जवान जिंकला की सरकार वरच्या कोर्टात जातं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेसुद्धा अशी अपिलं कमी करा म्हणून सुचवलं होतं. 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाने केंद्राच्या अशा अनेक याचिका फेटाळल्या, नुसतं पीस स्टेशन हे कारण पुरत नाही असंही म्हटलं. पण कोर्टात जाईपर्यंत माणसाला दम टिकवावा लागतो, आणि इथे आजारच दमाचा आहे.

रक्कम किती म्हणाल तर जुन्या नियमांनी शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, बाकीच्यांना त्या प्रमाणात, किमान 20 टक्के अपंगत्व हवं. तीस टक्के ठरलं तर ते 50 धरतात, म्हणजे पगाराच्या 15 टक्के. जिना चढता येत नाही त्या माणसाला हा मोठा आधार आहे, खैरात नाही.

सप्टेंबर 2023 पासून नवीन नियम आलेत, ते त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांना लागू, त्यामुळे जुन्यांनी घाबरून अपील सोडू नये. मात्र 1982 नंतर आलेल्या 2008 च्या नियमात एक गोष्ट फुप्फुसाच्या पेशंटला फार जाचते, डिस्चार्जनंतर पंधरा वर्षांनी क्लेम केला आणि तोवर सर्व्हिसचे कागद नष्ट झालेले असले तर सिद्ध करायचं ओझं जवानावर येतं. हा आजार कित्येकदा साठीच्या आसपास उघडा पडतो आणि शिपाई चाळिशीच्या आत-बाहेर घरी आलेला असतो, हिशोब तुम्हीच करा.

अमेरिकेने 2022 मध्ये पॅक्ट कायदा केला. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळायच्या खड्ड्यांजवळ राहिलेल्या सैनिकांसाठी सीओपीडी, क्रॉनिक ब्राँकायटिस, फुप्फुसाचा फायब्रोसिस असे आजार यादीतच टाकले. तिथे नोकरी केल्याचं आणि आजाराचं निदान दाखवलं की धुराशी संबंध जवानाने वेगळा सिद्ध करायचा नाही. आपल्याकडे बुखारीच्या पोस्ट, रणगाड्यांची वर्कशॉप अशी यादी करायला काय अडचण आहे? कोण कुठे किती महिने होता हे रेकॉर्ड ऑफिसकडे लिहिलेलं असतंच.

तोवर माजी सैनिक भावांना एवढंच, नामंजुरीचं पत्र आलं की कपाटात ठेवू नका, पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. मेडिकल बोर्डाच्या कागदांची नक्कल मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात मागा. पोस्टिंगचा इतिहास मागवा, भरतीच्या मेडिकलचा कागद जोडा, बिडी ओढत नव्हता तर तसं स्पष्ट लिहा आणि ओढत होता तर किती ते खरं लिहा, पण "नोकरीमुळे वाढला" हा मुद्दा वेगळा मांडा. आणि आपल्या खासदारांना विनंती, दम्या-सीओपीडीच्या किती क्लेममध्ये "पीस स्टेशन" एवढंच कारण दिलंय हा प्रश्न संरक्षण मंत्रालयाला संसदेत विचारा.

आपला,
एक माजी हवालदार, सातारा जिल्हा