गुंगीचं औषध म्हणजे हृदयाचं कवच नव्हे

संपादक महोदय,

खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना ऑपरेशनसाठी आत घेताना मुलं पूर्वी एवढंच विचारायची, ‘डॉक्टर, आईला भूल झेपेल ना?’ हल्ली दुसरी मागणी येते : ‘हृदय सांभाळणारं गुंगीचं औषध असतं म्हणे, तेच द्या.’ थिएटरच्या दारात याचं नीट उत्तर देता येत नाही. म्हणून मी, एक भूलतज्ज्ञ, हे पत्र लिहिते आहे.

ते औषध म्हणजे डेक्समेडेटोमिडीन. कमरेत स्पायनल, म्हणजे कमरेखालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन, दिल्यावर ते शिरेतून हळूहळू सोडलं की रुग्ण शांत झोपतो, हाक मारली की डोळे उघडतो. नाडी उतरते, हृदयाला प्राणवायू कमी लागतो. मी ते आवडीनं वापरते. पण नाडी कधी कधी नको इतकी उतरते, रक्तदाबही पडतो. आधीच रक्त गेलेल्या, दोन दिवस धड पाणीही न प्यायलेल्या ऐंशीच्या घरातल्या हृदयाला ती घसरणच जड जाते.

याच कुळातल्या क्लोनिडीनचा अनुभव बोलका आहे. हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांच्या 10,010 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. हृदयविकाराचे झटके घटले नाहीत, मृत्यूही घटले नाहीत; रक्तदाब धोकादायक पातळीवर उतरण्याचं प्रमाण मात्र वाढलं. त्याआधी 2008 मध्ये मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या औषधाच्या, चाचणीत झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. हृदय वाचवायला निघालेलं औषध माणसाला वाचवेलच असं नाही, हे आम्ही तिथे शिकलो.

मला खरी काळजी वाटते ती ऑपरेशननंतरच्या दोन-तीन दिवसांची. तेव्हा हृदयाला इजा झाली तरी बहुतेकांच्या छातीत दुखतच नाही. वेदनाशामकं चालू असतात, आणि धाप लागली तर ‘वय झालंय’ म्हणून सोडून दिलं जातं. रक्तातली ट्रोपोनिन तपासणी ती इजा दाखवते. आईला आधीपासून हृदयविकार असेल, तर या तपासणीबद्दल जरूर विचारा. आजवर एकाही नातेवाइकानं मला ते विचारलेलं नाही.

आणखी एक. पूर्वतपासणीला येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि स्टेंटची फाइल आणा. बीटा ब्लॉकरची रोजची गोळी ‘उपाशी राहायचंय’ म्हणून परस्पर बंद करू नका. आम्हाला विचारा, बहुतेक वेळा ती ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायची असते.

– एक भूलतज्ज्ञ