गरम, शांत आठवड्याचा अंदाजही नीट छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेचा शेवटचा आठवडा लागला की आपल्या पेपरातली हवामानाची चौकट अगदी एवढीशी होते. वादळ नाही, पाऊस नाही, कसला अलर्ट नाही, मग "कमाल ३४, आकाश अंशतः ढगाळ" एवढं छापून विषय संपतो. मला मनापासून वाटतं की मुंबईकराला अंदाजाची खरी गरज याच आठवड्यात असते आणि नेमकी तेव्हाच त्याच्या हातात सगळ्यात कमी माहिती पडते, म्हणून हे पत्र.

३४ आकडा बघून अकोला-नागपूरचे नातेवाईक फोनवर म्हणतात, एवढंच होय, आमच्याकडे ४५ चाललंय. त्यांच्या उन्हाला कोणी कमी लेखू नये, ते जीवघेणंच असतं. पण तिकडे हवा कोरडी आणि इकडे घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं ना. अमेरिकेच्या हवामान खात्याचा हीट इंडेक्सचा तक्ता आहे, त्यात ३४ अंश आणि ४० टक्के ह्युमिडिटी असेल तर अंगाला ३५-३६ वाटतं, तेच ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर ४६ च्या आसपास, आणि हे सगळं सावलीतलं, उन्हात उभं राहिलं तर त्याहून जास्त. आपलं हवामान खातंसुद्धा २०२३ पासून प्रायोगिक तत्त्वावर असा इंडेक्स काढतं. ह्युमिडिटी सांताक्रूझ आणि कुलाबा दोन्हीकडे रोज मोजतात. म्हणजे माहिती आहे, फक्त आपल्या चौकटीत तिला जागा नाही.

त्यात किनारपट्टीला उष्णतेची लाट जाहीर व्हायची तर पारा किमान ३७ लागतो आणि तोही सरासरीपेक्षा साडेचार अंश वर. मार्च-एप्रिलमध्ये ते होतं, कारण तेव्हा सकाळी पूर्वेकडून जमिनीवरचा वारा येतो आणि समुद्राचं वारं सुटायला दुपार झाली की पारा भसकन ३८-३९ ला जातो, मग पहिल्या पानावर बातमी. मेअखेर समुद्राचं वारं लवकर सुटतं म्हणून पारा ३४-३५ लाच अडतो, पण तेच वारं बाष्प घेऊन येतं. म्हणजे लाट जाहीर होणारच नाही, आणि जाहीर नाही म्हणून कोणाला काही वाटणार पण नाही, आणि इकडे माणसं घामाने निथळत असतात.

दिवसाचं एक वेळ सोडा, रात्रीचं काय? या दिवसांत आपल्या बाजूचा अरबी समुद्रच ३० अंशांच्या आसपास तापलेला असतो, त्यामुळे किमान तापमान २७-२८ च्या खाली उतरत नाही. आमच्या भांडुपला डोंगरउतारावर, तिकडे गोवंडी-मानखुर्दला, लाखो लोक पत्र्याच्या छपराखाली झोपतात. दिवसभर तापलेला पत्रा, वर माळा, एक पंखा आणि तो पण गरमच हवा फिरवतोय. लहान मुलं घामोळ्यांनी रडतात, म्हातारी माणसं बाहेर गल्लीत खाट टाकून बसतात, आणि ज्याची झोपच झाली नाही तो सकाळी नाक्यावर कामासाठी जाऊन उभा राहतो किंवा पाठीवर बॅग अडकवून डिलिव्हरीला निघतो. शरीराला उसंत मिळते ती रात्री, आणि तोच आकडा तुम्ही सगळ्यात बारीक अक्षरात छापता, कधी कधी छापतच नाही.

एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावर पुरस्काराचा कार्यक्रम झाला आणि त्यात उष्माघाताने दहाहून जास्त माणसं गेली. त्या दिवशी पारा काही ४५ ला नव्हता हो. निदान त्यानंतर तरी आपण नुसता कमाल आकडा बघणं सोडायला हवं होतं.

आणि हा आठवडा एकच असतो असंही नाही. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२३ ला २५ जून उजाडला आणि २०२५ ला २६ मेलाच आला. म्हणजे ही तलखी कधी लवकर सुटते, कधी महिनाभर पुरते. त्या सगळ्या काळात पेपरात रोज अर्धं पान मान्सून अंदमानात कुठे पोचला, केरळात कधी येणार याचं असतं. ते वाचायला मलाही आवडतं, सगळे वाटच बघत असतात. पण आज दुपारी बारा ते चार बाहेर काम करायचं की नाही हे त्यातून कळत नाही.

तर विनंती अशी, जून संपेपर्यंत तरी चौकटीत ह्युमिडिटी आणि अंगाला जाणवणारं तापमान रोज द्या, आणि रात्रीचं किमान तापमान कमालइतक्याच मोठ्या अक्षरात. कुलाबा आणि सांताक्रूझ वेगळे द्या आणि जमलं तर ठाणे, कल्याण, बदलापूर पण, कारण समुद्रापासून आत गेलं की पारा दोन-चार अंश सहज वर असतो आणि आपले निम्मे वाचक तिकडूनच लोकलने येतात. वारं कधी फिरणार याचा अंदाज असेल तर एक ओळ. ठेकेदार, सोसायट्या, मंडळं यांना दुपारची कामं आणि कार्यक्रम पुढे ढकलायला काहीतरी छापील कारण लागतं, आमच्याकडचे गवंडी सांगतात की पेपरातलं कात्रण दाखवलं तर मुकादम ऐकतो तरी.

आपली नेहमीची वाचक,
भांडुप (पश्चिम)