पांढऱ्या भाकरीबद्दल बोलू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आईला घेऊन एका मराठी सिनेमाच्या खास खेळाला गेले होते. आई ८६ वर्षांची. गुडघे साथ देत नाहीत, तरी हट्टाने आली, कारण सिनेमा १९७२ च्या दुष्काळावर होता आणि तो दुष्काळ तिने आटपाडी तालुक्यात खडी फोडून काढला आहे. मी तेव्हा दहा वर्षांची होते. सिनेमात नायिका चुलीपुढे बसून भाकऱ्या थापते असा एक लांबलचक प्रसंग आहे. तो चालू असताना आईने अंधारात माझा दंड धरला आणि विचारलं, "ही भाकरी पांढरी कशी गं?"

ज्यांनी ते वर्ष पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे तेव्हा घरची ज्वारी उरलीच नव्हती. रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी लालसर, थापताना कडेने चिरणारी, गार झाली की दाताला न तुटणारी. दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे पिठाचं कोरडं खाणं, वाटायचे, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी घरी आणायची. पडद्यावर मात्र शुभ्र भाकरी टम्म फुगली, तीही तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात न फिरवता. पुढच्या प्रसंगात दोन कोसांवरून पाणी आणणाऱ्या बायका दिसल्या. त्यांच्या डोक्यावरच्या घागरी रिकाम्या होत्या हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. भरली घागर घेतलेली बाई मान वळवून गप्पा मारत चालत नाही.

खेळ संपल्यावर कलाकार मंचावर आले. प्रेक्षकांनी मनमोकळं बोलावं असं सूत्रसंचालकांनीच सांगितलं. दोघा-तिघांनी कौतुक केलं, ते मीही ऐकलं. सिनेमातलं संगीत खरंच चांगलं होतं आणि मी बोलायला उभी राहिले तेव्हा आधी तेच सांगितलं. मग भाकरीचं आणि घागरीचं सांगायला लागले, तोच माइक काढून घेतला गेला. मंचावरून ऐकू आलं, "काकू, आपण मराठी माणसंच मराठी सिनेमाला नावं ठेवायला लागलो तर कसं होणार?" यावर टाळ्या पडल्या. आई खाली मान घालून बसली होती. खाली रिक्षाची वाट बघत होतो तेव्हा एक मुलगा येऊन म्हणाला, "एवढं कळतंय तर तुम्हीच काढा ना सिनेमा."

संपादक महोदय, हे पत्र त्या माइकसाठी आहे.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं. चौथी शिकलेले पालक येऊन सांगायचे, "बाई, तुमचं गणित पोराला समजत नाही." तुम्हीच वर्ग घ्या, असं मी त्यांना म्हटलं नाही. समजत नाही हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असायचं. प्रेक्षकाचं तसंच असतं. कॅमेरा कुठे लावायचा हे मला सांगता येणार नाही, पण मिलोच्या भाकरीचा रंग सांगता येतो आणि दुष्काळावरच्या सिनेमात ती किरकोळ गोष्ट नसते. ती भाकरी पांढरी झाली की दुष्काळच खोटा होतो.

मराठी म्हणून सांभाळून घ्या, हे म्हणणं मला सगळ्यात जास्त लागतं. आमच्या घरी पगाराच्या ओढाताणीतही नाटक-सिनेमाचे पैसे वेगळे काढले जायचे. आजही शुक्रवारी मराठी सिनेमा लागला आणि सांगलीत त्याला दिवसाला एकच खेळ, तोही सकाळी सव्वादहाचा मिळाला, तरी मी जाते. ज्याला मराठीशी देणंघेणं नाही तो फिरकतच नाही, त्याची तक्रारही येत नाही. तक्रार करतो तो पुन्हा येणारा माणूस. त्यालाच गप्प बसवलं तर तोही हळूहळू यायचा थांबेल.

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या गावची मी. आपल्याकडे प्रेक्षक मुका कधीच नव्हता. संगीत नाटकात एकेका पदाला 'वन्समोअर' देऊन तो प्रयोग पहाटेपर्यंत लांबवायचा आणि नटही पद पुन्हा म्हणायचे. तो आवाज हवासा वाटतो, तर "हे जमलं नाही" म्हणणारा आवाज का नको?

माझा भाऊ वकील आहे, त्याने मला कलम काढून दाखवलं. बदनामीच्या गुन्ह्याला १८६० च्या भारतीय दंड विधानात एक अपवाद होता आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही तो आहे. जी कृती लोकांच्या निर्णयासाठी मांडली, तिच्या गुणदोषांवर प्रामाणिकपणे मत देणं ही बदनामी नाही. जाहीर रंगमंचावर येणारा नट किंवा गायक आपली कला लोकांच्या निर्णयासाठीच ठेवतो, असं तिथे उदाहरणासह लिहिलंय. कर्त्याच्या स्वभावाबद्दल मात्र कृतीतून दिसेल तेवढंच बोलावं, त्यापुढे नाही, ही मर्यादाही तिथेच आहे. ती मला पूर्ण मान्य आहे. नटीच्या रंगावर, अंगावर घाणेरडं लिहिणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. सिनेमाची चोरटी प्रत फिरवणाऱ्यांची तर नाहीच नाही.

तमिळ निर्मात्यांच्या एका संघटनेने २०२४ च्या डिसेंबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयात मागणी केली होती की सिनेमा लागल्यापासून पहिले तीन दिवस परीक्षणं येऊ देऊ नयेत. न्यायालयाने तशी मनाई करायला नकार दिला. आपल्याकडच्या कलाकारांनी तर हा हक्क स्वतः भांडून मिळवलाय. १९७२ मध्येच, म्हणजे आई खडी फोडत होती त्याच वर्षी, 'सखाराम बाइंडर' या नाटकाचे प्रयोग अडवले गेले तेव्हा त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात लढले आणि जिंकले. बोलू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खुर्चीत बसलेल्यांचंही तेवढंच आहे.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या सिनेमांच्या कलाकारांच्या मुलाखती छान येतात. त्याच पानावर साध्या प्रेक्षकांच्या पत्रांना पाव रकाना द्यावा, बरं-वाईट दोन्ही छापावं, ही विनंती. आणि प्रेक्षकांशी संवाद ठेवणाऱ्या मंडळींना एक सांगणं आहे. माझी आई अजून आहे. तिच्याबरोबर खडी फोडलेल्या तिघी बायका आटपाडीकडे आहेत. दुष्काळावर पुन्हा कुणी सिनेमा करणार असेल तर चित्रीकरणाआधी एक दिवस काढून त्यांना भेटा. मिलोची भाकरी कशी थापायची ते त्या करून दाखवतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
विश्रामबाग, सांगली